हद्दीबाहेरचे मामा

आमच्या मामांकडे जेवायला जायचं तर घरून पोटभर खाऊन निघावं लागतं. उभी हयात लेखापरीक्षणात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर लोकांची ताटं तपासू लागला. स्वतःचं तर विचारूच नका. सकाळी कारल्याचा रस, दुपारी ज्वारीची भाकरी नि दुधी, संध्याकाळी मोजून पाच बदाम. लग्नाच्या पंगतीत स्वतःच्या पानातली जिलबी उचलून शेजाऱ्याच्या पानात टाकतात आणि मग त्या शेजाऱ्यालाही ती सुखाने खाऊ देत नाहीत. साखरेला ते 'विष' म्हणतात. मामींनी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, तो मामांचा हात पोचू नये म्हणून नव्हे, तर पाहुण्यांना चहा देताना व्याख्यान टळावं म्हणून.

हे सगळं डोंबिवलीच्या हद्दीत. पुण्याच्या गाडीने कल्याण सोडलं की हद्द संपते.

"प्रवासात निम्मा आचार पुरतो, असं शास्त्रच आहे," मामा सांगतात. निम्मा कसा मोजायचा, याचा खुलासा शास्त्राने केला नसावा. तो मामांनी केलाय. चार वडे घेतले तर त्यातले दोन शरीराला लागतात, दोन प्रवासखर्ची पडतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चावर हरकती घेतलेल्या माणसाला आपला खर्च कुठल्या सदरात टाकायचा हे शिकवावं लागत नाही.

कर्जतला त्यांना एकदा बघावं. वांगणी, शेलू, नेरळपर्यंत मामा खिडकीशी पेपर वाचत बसलेले असतात. भिवपुरी गेलं की पेपराची घडी होते. सुटे पैसे घरूनच सदऱ्याच्या वरच्या खिशात निघालेले असतात. पाकीट काढून पैसे शोधण्यात वेळ घालवणारा माणूस त्यांच्या मते वडा खायच्या लायकीचा नाही. मग "जरा पाय मोकळे करून येतो" असं कुणी विचारलेलं नसताना सांगून ते दाराशी जाऊन उभे राहतात. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना गाडीने एक फूट वर चढायचं. तो एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती जोडली जाईपर्यंतचा जो वेळ, तोच कर्जतच्या वड्याचा वेळ. दिवाडकरांचं नाव त्या वड्याने गावोगाव नेलं, पण मामांना विचाराल तर खरं श्रेय त्या चढाचं. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती इंग्रजांना कापूस बंदरावर न्यायचा होता म्हणून, असं इतिहासकार सांगतात. मामांना ते पटत नाही.

वडा हातात येतो तो कागदात. कागदाला तेलाचा डाग पडून पलीकडची छापील अक्षरं दिसू लागतात. आत कोरडी लाल लसणाची चटणी, मीठ लावलेली तळलेली मिरची. पाव ते परत करतात, कारण 'मैदा वाईट.' डब्याकडे पाठ करून, पलीकडच्या रुळांकडे तोंड करून, पहिला घास घेताना डोळे मिटतात. बारसं असो की तेरावं, या क्षणी चेहरा सारखाच असतो. शेवटचा कण संपला की कागदाची गोळी, खिशातून ओला रुमाल, मिशी, बोटं, पुन्हा मिशी, मग लवंग. पूर्वी चटणीचे ठिपके सदऱ्यावर घरापर्यंत यायचे. आता प्रवासाला ते चॉकलेटी चौकड्यांचाच सदरा घालतात.

पुढे लोणावळा. तिथे चिक्की 'मुलांसाठी' घेतली जाते. घरातलं सगळ्यात लहान मूल आता नोकरीला आहे, पण चिक्कीच्या हिशेबात ते अजून मूलच. पाकीट घेतल्यावर मामा त्यातल्या वड्या बाहेरून चाचपतात आणि एखादी तुटलेली लागली की त्यांना अतोनात दुःख होतं. तुटकी चिक्की कुणाच्या हातावर कशी ठेवायची? ती वाटेतच संपवावी लागते. तळेगावपर्यंत आणखी दोन-तीन तुटतात. कशा तुटतात हे मी पाहिलंय, त्या गुडघ्यावर तुटतात.

बाकीची पापं किरकोळ. घरी दासबोध वाचणारे मामा स्टेशनच्या स्टॉलवरून भुताखेतांच्या गोष्टींचं पुस्तक घेतात, पेपराच्या घडीत ठेवून वाचतात आणि उतरताना 'पुढच्या प्रवाशाची सोय' म्हणून बाकावर सोडून जातात. शेजारच्या बाईच्या फोनवरची सोयरीक ते कान देऊन ऐकतात, एकदा तर हुंड्याचा विषय निघाल्यावर मधेच "मुळीच नाही म्हणायचं!" म्हणून गेले.

अशी माणसं प्रत्येक घरात असतात, हे मला ठाऊक आहे. श्रावण पाळणारे आणि सोलापूर रस्त्याला भिगवण आलं की ज्यांना उजनीच्या मासळीवर पर्यावरणविषयक कुतूहल वाटू लागतं, असे एक गृहस्थ आमच्याच इमारतीत आहेत. 'बाहेरचं काही खात नाही' म्हणणाऱ्या काकू महाबळेश्वरच्या थंडीत कांदाभजीला औषध समजतात. पण या लोकांना प्रवास घडतो. मामा प्रवास घडवून आणतात, आणि तिथेच त्यांची थोरवी आहे.

आमच्या नातेवाइकांमध्ये मामांचा फार लौकिक आहे. उरुळीला चुलतमावशीच्या दिराचं तेरावं असो, चिंचवडला कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण असो, मामा हजर. "नाती जपावीत तर यांनी," असं लोक डोळ्यांत पाणी आणून म्हणतात. या लौकिकाचा नकाशा कुणी काढला नाही म्हणून तो टिकून आहे. नात्याची जवळीक मामा रेल्वेच्या वेळापत्रकात बघतात. पुण्याकडचे सगळे सख्खे. नाशिककडच्यांना थोडी माया मिळते, कारण कसाऱ्यालाही बँकर लागतात, पण तिथला वडा मामांच्या मते कर्जतच्या पासंगालाही पुरत नाही. आणि कळव्यातला सख्खा साडू, लोकलने हाकेच्या अंतरावर, पाय मोडून महिनाभर पडला होता तेव्हा मामांनी त्याला फोन केला.

मधुमेह आहेच. पूर्वी रक्त तपासायच्या आधी चार दिवस सरळ वागलं की भागायचं. मग ती तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी आली. मामा तिला 'मागील बाकीसह ऑडिट' म्हणतात आणि विज्ञानाने माणसावर इतका अविश्वास दाखवायला नको होता, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांनी आकडा पाहून भुवया उंचावल्या तेव्हा ते म्हणाले, "दगदग फार होते हो. सारखा प्रवास." खोटं काहीच नव्हतं.

२०२३च्या फेब्रुवारीत सोलापूरची वंदे भारत सुरू झाली, आणि मुलाने हौसेने त्यांना पुण्यापर्यंत त्या गाडीने नेलं. ही गाडी बँकर न लावताच घाट चढते. कर्जत बंद काचेतून आलं आणि गेलं. मामा उठून उभे राहिले, तर दारं आपोआप बंद झालेली. मग जागेवर ट्रे आला. त्यात तळलेलं होतं, गोडही होतं. मुलगा म्हणाला, "घ्या ना बाबा, आज चालेल." मामांनी गोड परत केलं. मला नंतर म्हणाले, "सगळ्यांसमोर, तिकिटाच्या पैशांत, वर मुलाची परवानगी. मग घरचा दुधी काय वाईट?"

मध्यंतरी भाचीसाठी दोन स्थळं एकदम आली. एक बदलापूरचं, एक चिंचवडचं. बदलापूर कर्जतच्या अलीकडे. मामांनी बदलापूरच्या मुलात चष्मा, उंची आणि बोलण्यातला तुटकपणा असे तीन दोष काढले आणि चिंचवडकरांच्या घराण्याचं पाऊण तास वर्णन केलं. "शिवाय आपलं येणं-जाणं राहील," ते म्हणाले. मामी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, येताना ती लाल चटणी तेवढी वेगळी बांधून आणा. मागची संपली."

मामा त्या दिवशी पुढे काहीच बोलले नाहीत. लग्न चिंचवडलाच ठरलं, थाटात झालं, आणि दोन महिन्यांत जावयाची बदली होऊन जोडपं विरारला राहायला गेलं. मामा खचले. "विरारला गं काय मिळतं?" असं त्यांनी भाचीला विचारलं, ते तिला संसाराविषयी वाटलं.

परवा भेटले ते टवटवीत दिसले. चॉकलेटी सदरा अंगात, हातात पिशवी. वसई-विरारकडची सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखी होतात, कुठे साखर नाही, तेल नाही. पोरीला बघून यायला हवं सारखं, नवा संसार आहे, म्हणाले.

मी डॉक्टरांची आठवण काढली.

"फळ आहे रे ते," मामा म्हणाले.