तारा, परतीच्या बोलीवर

गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा, झाशी, नागपूर गिळलं आणि १८५७ मध्ये कंपनीला ढेकरही धड देता आली नाही. मग राणीचं राज्य आलं. संस्थान काढून घेण्यापेक्षा संस्थानिकाच्या छातीवर काहीतरी टाचणं स्वस्त पडतं, हे तेव्हा साहेबाला उमगलं. १८६१ साली ‘स्टार ऑफ इंडिया’ या मानाच्या ऑर्डरचा तारा उगवला, तो असा.

नाव आणि नक्षी ठरवण्यात खुद्द राणीचे यजमान, प्रिन्स आल्बर्ट, यांनी लक्ष घातलं होतं. विलायती मानचिन्ह म्हटलं की क्रूस आलाच. पण हिंदू-मुसलमान राजांच्या गळ्यात क्रूस घालायचा म्हणजे पुन्हा सत्तावनच्या काडतुसांची भानगड! म्हणून तारा. तो सगळ्यांच्याच पंचांगात असतो. पुढे ‘ग्रँड क्रॉस’ या किताबाचंही इथे ‘ग्रँड कमांडर’ झालं. दगडात कोरलेली राणीची छबी आणि भोवती हिऱ्यांत जडवलेलं ब्रीद: स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक. (प्रकाश स्वर्गाचा, वीजबिल रयतेचं.) माळेत कमळं आपली, पण शेजारी तांबडे-पांढरे गुलाब, म्हणजे इंग्लंडातल्या दोन घराण्यांच्या जुन्या भाऊबंदकीची खूण. मराठी सरदाराच्या गळ्यात याहून शोभेल असं काय घालणार? वर फिकट निळ्या साटिनचा पायघोळ झगा.

१ नोव्हेंबर १८६१ रोजी अलाहाबादेत व्हाइसरॉय कॅनिंगने तारे वाटले. मानकऱ्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते. जून १८५८ मध्ये त्यांची फौज राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याकडे गेली होती आणि महाराज आग्र्याकडे. दिशा अचूक निवडणं हीसुद्धा गुणवत्ताच. भोपाळच्या सिकंदर बेगमही तिथेच ‘नाइट’ झाल्या.

सुरुवातीला नाइट फक्त पंचवीस. पाट कमी, पाहुणे फार, म्हणून १८६६ मध्ये तीन पंगती मांडल्या. तिसऱ्या पंगतीतला माणूस दुसरीकडे पाहत आयुष्यभर इमानी राहतो, हे लग्नघरात वावरलेल्याला सांगायला नको.

खरी मेख नियमांत होती. मानकरी मेला की दागिना सरकारजमा. गादीला दत्तक घेण्याची सनद कॅनिंगने नंतर दिली. ताऱ्याला मात्र सख्खा मुलगासुद्धा वारस नाही!

१९४८ नंतर नवा तारा कुणाला मिळाला नाही. शेवटचे मानकरी, अलवारचे महाराज तेजसिंह, २००९ मध्ये वारले. ऑर्डर मात्र रीतसर बरखास्त झालेली नाही. प्रमुख म्हणून इंग्लंडची गादी आहे, सभासद एकही नाही, वारस नाही. डलहौसी असता तर एव्हाना खालसा केली असती.