बोरीच्या पात्रात एकांत कसा मिळवावा

खोपोलीच्या इमॅजिकात जादा पैसे मोजले की रांग टाळून पुढे जाता येतं. अमळनेरच्या संत सखाराम महाराजांच्या यात्रेत ही सोय अद्याप झालेली नाही. तरीही वैशाखात बोरी नदीच्या पात्रात जी मायानगरी उभी राहते, तिच्यात अख्खा दिवस काढायचा आणि कोणाचा खांदा आपल्या खांद्याला लागू द्यायचा नाही, असा ज्यांचा निर्धार असेल, त्यांनी पुढील मजकूर शांतपणे वाचावा. यात्रेत वाचायला मिळणार नाही.

पहिला प्रश्न तिथीचा. आखाजीला टाळावं, कारण लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि प्रत्येकीबरोबर दोन-तीन भाचे असतात. त्या दिवशी पुरुषमंडळी पत्त्यांवर बसलेली असल्यामुळे तेवढी गर्दी कमी, असा काहींचा हिशोब असतो. पण डाव हरलेले उठून यात्रेतच येतात. मोहिनी एकादशीला रथ, म्हणून ती टाळावी. पौर्णिमेला पालखी, म्हणून तीही. मंगळवारी मंगळग्रह मंदिरासाठी बाहेरगावची माणसं उतरतात, तेव्हा मंगळवार बाद. शनिवार-रविवारी धुळे आणि जळगाव दोन्हीकडच्या एसट्या भरून येतात. एवढं सगळं वजा जाता जो दिवस उरतो, त्या दिवशी पाळणेवाले आपले खांब काढून ट्रकमध्ये भरत असतात. गर्दी मात्र अजिबात नसते.

दिवसाचं जमलं नाही तर वेळेकडे वळावं. दुपारी दोनची वेळ अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. वैशाखात आपल्याकडे पारा 43-44च्या घरात असतो. नदीतली वाळू चपलेच्या तळव्यातून वर येते, आणि पाळण्याच्या लोखंडी दांडीला हात लावला तर तो हात पुढचे आठ दिवस कामाला येत नाही. या वेळी सगळं मैदान तुमचं. ड्रॅगन गाडीचा ड्रॅगन तोंड उघडून उभा असतो, त्याच्या सावलीत त्याचा चालक बनियनवर झोपलेला असतो. मौत का कुआँत तर खुद्द मौतही झोपलेली असते. तुम्हाला रांगेत कोणीच दिसणार नाही, आणि तिकीट द्यायलाही कोणी दिसणार नाही. मार्गदर्शनाच्या दृष्टीने ही यशस्वी फेरी मानावी आणि रसवंतीत जाऊन बसावं. तिथे मात्र बसायला जागा नसते. तुमच्याआधी हीच युक्ती सुचलेले सगळे तिथेच असतात.

आता आकाशपाळणा. इथे खरा अभ्यास लागतो. शिकागोत 1893 साली फेरिस नावाच्या इंजिनियरने पहिला अजस्र पाळणा उभारला, त्याला 36 डबे आणि एकेका डब्यात 60 माणसं. म्हणजे एकांताचा विचार या यंत्राच्या जन्मापासूनच झालेला नाही. पण आपला पाळणा लहान असतो आणि त्याची एक खोड आहे. पाळणेवाला माणसं ओळीने भरत नाही. तोल राहावा म्हणून एक डबा भरला की चाक फिरवतो आणि समोरासमोरचा दुसरा भरतो. डाव्या हाताची बोटं वर करून ‘अजून दोन, अजून दोन’ ओरडतो, उजव्या हाताने दांडी लावतो, आणि एका बाजूला वजनदार मामी बसल्या की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत कोणाला हलू देत नाही. म्हणून सर्वांत आधी बसावं. खाली भरती चालू असेपर्यंत तुम्ही वर टांगलेले राहता. वारा असतो, खाली समाधी मंदिराचा कळस दिसतो, धक्काबुक्की शून्य. तिकीट एका खेळाचं आणि मुक्काम पाऊण तास. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी आधी मामींच्या शोधात राहावं.

मायावी विभागातही गर्दीचा विचार करूनच शिरावं. अशा यात्रांतून ‘धडाविना बोलणारं डोकं’ असलेला तंबू हमखास असतो. ही करामत लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये 1865 साली दाखवली गेली होती आणि तिचं मर्म टेबलाखाली तिरक्या बसवलेल्या आरशांत आहे. आरशात बाजूचा पडदा दिसतो, आपल्याला वाटतं टेबलाखाली काही नाही. तंबूत शंभर माणसं शिरतात आणि नव्वद जण डोक्याला विचारतात, ‘जेवली का?’ तुम्ही हा प्रश्न विचारू नये. उत्तराला वेळ लागतो आणि मागची रांग वाढते.

हे सगळं करूनही एकांत मिळाला नाही, तर शेवटचा खात्रीचा उपाय अमळनेरातच आहे. श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 साली इथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. यात्रेच्या ऐन भरात तिथे कोणीही तुम्हाला ढकलणार नाही. साने गुरुजी तिथे अभ्यासाला आले होते, आणि मग प्रताप हायस्कुलात मुलांच्या गलक्यात जाऊन रमले, हे मात्र ध्यानात ठेवावं. एवढ्या शांततेची सवय सगळ्यांनाच होते असं नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. गर्दी म्हणजे अनोळखी माणसं, अशी पुण्या-मुंबईची व्याख्या आहे. खान्देशात तशी गर्दी होतच नाही. यात्रेतली निम्मी माणसं तुमची नातलग असतात आणि उरलेली निम्मी तुमच्या वडिलांना ओळखतात. गोडशेवेच्या दुकानाशी एखादे धोतरातले आबा तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतात आणि विचारतात, ‘कोना पोऱ्या रे तू?’ या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. गाव, भाऊबंदकी, आजोळ, बहीण कुठे दिली, तिचे सासरे काय करतात, कापसाला काय भाव मिळाला, असं करत वीस मिनिटं जातात. तेवढ्यात आबांचे व्याही येतात. आबांना टाळण्याचा विचारही करू नये. धोतर जुनं आहे म्हणून फसू नका. 1945 साली इथे निघालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीची पुढे विप्रो झाली आणि तिचे जुने शेअर ज्या घरांत ट्रंकेच्या तळाशी राहून गेले, त्या घरांतली माणसं पाळण्याच्या तिकिटात अजूनही पाच रुपये कमी करून मागतात. यात्रेतल्या कुठल्याही तंबूत याहून मोठी जादू नाही, आणि ती बघायला तिकीट लागत नाही.

चेहरा झाकण्यासाठी उपरणं, गॉगल वगैरे साधनं वापरून पाहिलेली आहेत. चालण्यावरून ओळखतात.

परतीची एसटी सुटण्याआधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी. आत पोचाल तेव्हा रुमालावर कोणीतरी बसलेलं असेल. भांडायला तोंड उघडण्याआधी नीट पाहावं. बहुतेक करून ते तुमच्या चुलत मेव्हण्याचे मावसे निघतात. ते थोडं सरकून म्हणतील, ‘बठ, जागा शे.’ तिघांच्या बाकावर पाचवे म्हणून बसावं, त्यांच्या पिशवीतली जिलेबी घ्यावी आणि धुळे येईपर्यंत कापसाचा भाव सांगत राहावं. रुमालाचा विषय काढू नये.