परदेशी निघालेल्या शिराळकरांसाठी इनकमिंग-शास्त्र

परदेशी जाताना मोबाइल कंपनी कुठली घ्यावी, हे ठरवायला शिराळकराने जगाचा नकाशा उघडू नये. आधी स्वतःच्या फोनमधली कॉलची यादी उघडावी. कुठल्या देशात कुणाची रेंज चांगली, हे रिचार्जवाला पोरगाही सांगेल. गावाकडून तुम्हाला कोण, कशासाठी आणि किती वाजता फोन करणार, हे फक्त तुम्हाला माहीत. खर्च त्याचाच येतो.

आपल्याकडे २००३ पासून इनकमिंग फुकट आहे. परदेशात मात्र इथलं सिम रोमिंगवर असलं, की आलेला फोनही उचलणाऱ्याच्या खात्यावर पडतो. फोन करणाऱ्याला याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी तुम्ही फार तर कोकरूडला गेलाय. तो निवांत विचारतो, "आण्णा, जेवलासा काय?" हो म्हटलं, की पुढं "काय जेवलासा?" येतं. पॅक मारलेला नसेल तर ही चौकशी जेवणापेक्षा महाग पडते. त्यातून उन्हाळ्यात शिराळ्यात दुपारचा एक वाजतो, तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचे साडेतीन झालेले असतात, आणि पहाटे साडेतीनला माणूस फोन कापत नाही, घाबरून उचलतो.

आपण यात अगदीच अडाणी आहोत, असं नाही. महाराष्ट्र-गोवा एक सर्कल, मुंबई दुसरं, कर्नाटक तिसरं, अशी वाटणी करून सर्कलबाहेर आलेल्या फोनलाही पैसे पडत होते तेव्हा कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीला लग्नाला गेलेला माणूस फोन वाजला की आधी मांडवाबाहेर यायचा, मग नंबर बघायचा आणि शेवटी न उचलता खिशात ठेवायचा. हा संयम आता गेला. परदेशी निघण्याआधी आठवडाभर त्याचा सराव करावा.

तर पहिली पायरी म्हणजे फोन करणाऱ्यांची वर्गवारी. भाऊबंद हा पहिला वर्ग. बांध, वाटप आणि सात-बारा हे विषय त्यांना तुम्ही गावात असताना सुचत नाहीत; विमान उडालं की सुचतात. यांना एकच व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्यावा, तोही थोरल्या पोराचा. दुसरा वर्ग चिटबॉयचा. हंगामात दुबईला जाणाऱ्याने साखर कारखान्याच्या, ऊसतोडीची पाळी कळवणाऱ्या चिटबॉयला नंबरच्या बाबतीत फसवू नये. "तोड आलीया, टोळी उद्या लावतो" हा फोन चुकला तर ऊस फडात उभा राहतो, आणि वाळलेल्या उसाचं वजन भरून देणारा रोमिंग पॅक अजून कुठल्याही कंपनीने काढलेला नाही. हा एक फोन कितीही पैसे पडले तरी उचलावा. दुबईत तो व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ म्हणाल, तर तिथं व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, कॉल लागत नाही. सरकारने परवानगी दिलेली वेगळी अ‍ॅप वापरावी लागतात. चिटबॉयला तसलं अ‍ॅप घ्यायला लावणं हे कंपनी निवडण्यापेक्षा अवघड काम आहे.

तिसरा वर्ग ओटीपीचा. हा बोलत नाही, पण सगळ्यांत मानी. बँक इथल्याच नंबरवर ओटीपी पाठवणार. म्हणून लेकीने तिकडचं सिम आणून दिलं तरी इथलं फेकू नये. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही नांदवावीत. इंटरनेट तिकडच्या सिमचं, इथल्याचं डेटा रोमिंग बंद. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत. मात्र इंटरनॅशनल रोमिंग निघण्याआधी इथंच चालू करून घ्यावं, आणि रिचार्ज लांब मुदतीचा मारावा. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरात नसला तर बंद होऊ शकतो, आणि नातवाचा बाळंतविडा घेऊन गेलेली आजी सहा महिन्यांशिवाय परतत नाही. नंतर तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि आपल्या पै-पाहुण्यांची विचारपूस तो करतो.

आजोबांचा बटणांचा फोन अमेरिकेला नेऊ नये. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी २०२२ मध्येच गुंडाळलं. जुना फोन तिथं बॅटरी म्हणून चालतो, घड्याळ म्हणूनही चालतो, पण घड्याळ शिराळ्याचं.

युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की युरोपीय संघातल्या सिमला २०१७ पासून संघाच्या सगळ्या देशांत रोमिंगचा वेगळा आकार नाही, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. सहलीतले सगळे फोटो मात्र तिथंच काढायचे असतात. विमानात फ्लाइट मोड लावावा तो कप्तान सांगतो म्हणून नव्हे. काही विमानांत उपग्रहावरचं नेटवर्क असतं, फोन आपण होऊन त्याला जाऊन चिकटतो, आणि त्याचा दर विमानाच्या उंचीला शोभेल असा असतो.

नागपंचमीचा वेगळा विचार करावा लागतो. त्या दिवशी बाहेरदेशी असलेला शिराळकर कामाचा उरत नाही. आता जिवंत नागाऐवजी पूजा नागाच्या प्रतिमेची होते, तरी मिरवणूक बघायचीच असते, आणि ती दाखवणारा पुतण्या व्हिडिओ कॉल लावून फोन वर धरतो व विसरतो. तासभर आभाळ दिसतं. हे घरच्या वायफायवरच बघावं.

शेवटी आयफोन. अमेरिकेत विकला जाणारा आयफोन चौदाव्या मॉडेलपासून सिमच्या खाचेशिवाय येतो. लेक तो प्रेमाने हातात ठेवते, वडील शिराळ्यात येऊन पिन घेऊन त्याच्या चारी कडा कोरत बसतात. खाच नसतेच; ई-सिम करून घ्यावं लागतं, आणि त्याची सुरुवात जुन्या सिमवरून एसएमएस पाठवून होते. जुनं सिम जुन्या फोनमध्ये, जुना फोन मेव्हण्याला देऊन टाकलेला, आणि मेव्हणा चांदोलीकडं, रेंजच्या बाहेर.