गच्चीवरच्या खुर्च्या जोडून घेणाऱ्यांसाठी सूचना

कुरिअरवाल्याने चपटी खोकी जिन्यात टेकवली आणि टेबल, चार खुर्च्या, झोपाळा सगळंच सुटं आहे हे लक्षात आलं, की आधी दार लावून घ्या. मुकुंदवाडीत खोकं फाडल्याचा आवाज लांबवर जातो. चिकलठाणा एमआयडीसी शेजारीच, त्यामुळे गल्लीत एक फिटर, समोर एक वेल्डर आणि मागच्या घरात क्वालिटीतले साहेब असतातच. यांच्या देखत पैसे मोजून बाहेरचा मिस्तरी आणणं म्हणजे आचाऱ्याच्या शेजारी राहून हॉटेलातून डबा मागवणं.

सामान असं सुटं का येतं? स्वीडनच्या आयकिया कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन यांना 1956च्या सुमारास टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले, असं सांगतात. 2017मध्ये याच कंपनीने घरकामाला माणसं पुरवणारी टास्करॅबिट ही अमेरिकी कंपनी विकत घेतली. आधी पाय काढले, मग पाय लावणारेही ताब्यात घेतले. धंदा असा करावा.

आपल्याकडे माणूस जालना रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात चौकशी करून मिळतो. सुतार ‘यात लाकूड कुठंय?’ म्हणून परत जाईल. वेल्डरला बोलावलंत तर झोपाळा कायमचा जोडला जाईल, घर बदलताना गच्चीसकट न्यावा लागेल. खरा जोडारी ओळखायची खूण एकच: माहितीपत्रक हातात दिलं की तो ते न वाचता घडी करून गुडघ्याखाली घेतो.

फोनवर तो ‘आलोच दादा, सिडको चौकात आहे’ म्हणेल. काल कुठे होता विचारू नका, कालही तिथेच होता. भाव फोनवर ठरत नाही. जिना चढून दम लागला की ठरतो. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी त्याला बोलावू नका, घरातलं कुणीही पाना धरायला मोकळं नसतं. मे महिन्यात दुपारी तर मुळीच नको. तापलेल्या लोखंडी पाइपला हात लावून माणूस जे बोलतो, ते शेजारी ऐकतात.

काम सुरू झालं की दोन गोष्टींवर अडून बसा. सगळे बोल्ट आधी हातानेच बसवायचे, चारही पाय जमिनीला टेकले की मग आवळायचे. पहिलाच बोल्ट करकचून आवळला तर शेवटचं भोक जुळत नाही. आणि झोपाळ्यासाठी स्लॅबला ड्रिल लावू द्यायचं नाही, नाहीतर पावसाळ्यात खालच्या खोलीत बादली ठेवावी लागेल.

तरी टेबल डुगडुगणारच. इथे फिटर वर येईल, ‘लेव्हल गेली’ म्हणेल. मिस्तरी पायाखाली पुठ्ठा घालेल, साहेब पुठ्ठा रिजेक्ट करतील. दोष कुणाचाच नसतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो, आणि तो घर बांधणाऱ्या मिस्तरीने अंदाजाने दिलेला असतो. टेबल सरकवत राहा, कुठेतरी बसेल.

शेवटी एक बोल्ट उरेल. मिस्तरी सांगेल, ‘कंपनी जास्तीचा देते.’ कधीकधी देतेही. यावर चर्चा लांबेल, चारही खुर्च्या भरतील आणि चहा तुम्हाला उभ्यानेच प्यावा लागेल. झोपाळा रिकामा दिसला तरी बसू नका. बोल्ट कुठला, याचा निकाल लागायचा आहे.