नऊपैकी नऊ

पक्षाचे निरीक्षक माजरीला येऊन गेले आणि जाताना चंद्रपूरच्या सहा, गडचिरोलीच्या तीन अशा नऊच्या नऊ जागा खिशात टाकून गेले. आधार एकच. सभेत खुर्च्या भरल्या होत्या. सत्तेला १४५ लागतात. उरलेल्या १३६ साठी इतर जिल्ह्यांत खुर्च्या सांगून ठेवल्या असतीलच.

"भाऊ, खुर्च्या फुल्ल होत्या ना?"

"होत्या ना साहेब. खोटं कायले बोलू?"

आता मंडपवाला एक, खुर्च्या त्याच. काल दुसऱ्या झेंड्याखाली होत्या, उद्या तिसऱ्या. बसणारेही तेच. निवडणूक खर्चाच्या दरपत्रकात खुर्चीचं भाडं असतं, बसणाऱ्याचं नसतं. ते ४० लाखांच्या मर्यादेबाहेर परस्पर भागतं.

पण भाऊ बोलेल ते बोलो, माजरीची खुर्ची खोटं बोलत नाही. कोळशाच्या ट्रकांची इथं अशी कृपा की पांढरी खुर्ची मांडली तर स्वागतगीत संपेस्तोवर काळी होते. कुणी बसलं की खुर्ची पुसली जाते आणि पँट काळी होते. सभा उठल्यावर बॅटरी घेऊन फिरावं, मतमोजणी तयार. काळीकुट्ट खुर्ची म्हणजे आलाच नाही. करडी म्हणजे आला, पण भाषणाच्या मध्येच उठला आणि मागाहून पुन्हा धूळ बसली. हा कुंपणावरचा मतदार. लख्ख पांढरी म्हणजे पक्कं मत. त्या रात्री पांढरी शेवटची रांग होती, जेवणाच्या पातेल्यांजवळची. पहिल्या रांगेचा अंदाज लागला नाही, पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्यांवर टॉवेल होते.

टॉवेल! म्हणजे धूळ यांना दिसते. स्वतःच्या पांढऱ्या कपड्यांपुरती दिसते. हीच धूळ बोंडातल्या कापसावर बसते, व्यापारी काळपट कापूस बघून भाव पाडतो. हीच लेकरांच्या छातीत जाते आणि रात्रभर घरात खोकला चालतो. ट्रकावर नीट ताडपत्री बांधा, रस्त्यावर पाणी मारा, याला काय राज्यात सत्ता यावी लागते? पाऊण तासाच्या भाषणात दिल्ली आली, मुंबई आली, धूळ तेवढी आली नाही. वरोरा मतदारसंघात माजरी आहे, हे तरी त्या वक्त्याला कुणी सांगितलं होतं का?

असो. अनामत वाचायला एक षष्ठांश मतं लागतात, त्याची चिंता पक्षाला नाही. वाद वेगळाच पेटलाय. मंडपवाल्यानं बिलात खुर्च्यांची धुलाई लावली आणि पक्षानं ती नामंजूर केली. खुर्च्या भरल्या होत्या, म्हणजे बसणाऱ्यांनीच पुसल्या!