सरांची केबल

विद्यापीठाच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्यांना सरांचं नाव ठाऊक नाही. 'केबलवाले सर' म्हटलं की पुरे. शर्टाच्या खिशात, जिथं मास्तरांचा पेन असतो तिथं, यांची रबर लावून गुंडाळलेली केबल असते. नांदेड-लातुरात मिळून तीन कॉलेजांवर सर तासिका तत्त्वावर शिकवतात आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एकही पेनड्राइव्ह विकत घेतलेला नाही. धडधाकट पाय असताना कुबड्या कशाला, हे त्यांचं म्हणणं.

बायोडेटा, प्रबंध, सेटचं प्रमाणपत्र, सगळं मोबाईलात. श्रीलिपीचे फॉन्टसुद्धा. इथं मात्र मी सरांना मानतो. श्रीलिपीतला अर्ज फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला, की 'माननीय प्राचार्य' जाऊन नुसत्या किडामुंग्या दिसतात. म्हणून सर आधी फॉन्ट टाकतात, मग अर्ज काढतात. पाट मांडून मग ताट वाढावं तसं.

दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची, तेव्हापासूनची ही सवय. सरांच्या चायना मोबाईलला केबल लावली की तो विचारायचा: मास स्टोरेज, वेबकॅम की कॉम पोर्ट? सर पहिल्यावर बोट ठेवायचे. उरलेल्या दोघांशी त्यांनी कधी ओळख वाढवली नाही. मग अँड्रॉइड आला. त्यात स्टोरेज सुरू केलं की हिरवा रोबो केशरी व्हायचा आणि कार्ड कॉम्प्युटरच्या ताब्यात जायचं. तेवढा वेळ मोबाईलला स्वतःचीच गाणी दिसायची नाहीत. गहाण टाकलेल्या शेतासारखं, नावावर आपल्या पण पेरायचं दुसऱ्यानं. एकाच कार्डावर दोघं लिहायला बसले तर हिशेबाचा चुथडा होतो, म्हणून ही व्यवस्था.

पुढं एमटीपी आलं. आता मोबाईल शेत ताब्यात देत नाही, मागाल तेवढं मापून देतो. सरांना हा बदल कुणी कळवलाच नाही. मोबाईलातली फाइल तिथल्या तिथं उघडून त्यांनी तासभर प्रबंधात दुरुस्त्या केल्या, सेव्ह केलं, केबल काढली. दुरुस्त्या कॉम्प्युटरच्या कुठल्याशा तात्पुरत्या फोल्डरात राहिल्या आणि प्रबंध होता तसाच लातूरला गेला.

गंजगोलाईजवळच्या एका दुकानात मी सोबत होतो.

"सर, मोबाईल दिसंना गेलाय की."

"उलटी करून लाव."

"दोनदा लावली. ही चार्जिंगचीच दिसलालीय."

केबलीत तारा चार, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या केबलीत माहितीच्या दोन घातलेल्याच नसतात. सरांनी दुसऱ्या खिशातून दुसरी केबल काढली. मग अर्ज शोधता शोधता मेहुण्याचं लग्न, सोयाबीनचे भाव आणि शेकडो 'शुभ सकाळ' मागच्या रांगेनं मोठ्या पडद्यावर बघितले.

"व्हॉट्सॲप करा की सर मला."

"तुला पाठवलं की माझा कागद तुझ्या मोबाईलात मुक्कामी राहतोय. उद्या कुणाच्या नावानं निघंल?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. सर वळले. "२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तवा हसलाव का? मग मी फाइल खिशातून आणली तर काय बिघडलं?"

लातुरात या मुद्द्याला उत्तर नसतं.

सरांचं खरं गुपित मला उशिरा कळलं. एका पानाची प्रिंट, पण मोबाईल पाऊण तास जोडलेला. यूएसबी २.० चं साधं पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं. ४००० च्या बॅटरीत पाऊण तासात आठेक टक्के पडतात. तीन कॉलेजं, दोन झेरॉक्स आणि एक मी, एवढ्यावर सरांचा मोबाईल दिवस काढतो. घरचं वीजबिल कमी कसं, याचं श्रेय ते एलईडी बल्बला देतात.

मागच्या रविवारी माझ्याकडं आले. शिफारसपत्र काढलं, चहा घेतला, दुसरा चहा घेतला, आणि केबल विसरून गेले. तेव्हापासून रोज शेजाऱ्याच्या मोबाईलवरून फोन येतोय.

तरी या आठवड्यात लोहा-अहमदपूर मार्गे लातूरला जाणारं कुणी असेल तर कळवा. पाठवायची फक्त केबल आहे, फाइल नाही.