मार्कसराव हरभरे

मित्रांनी रोमन वक्ता सिसेरोला सांगून पाहिलं: बाबा रे, राजकारणात उतरतोयस, आधी हे आडनाव बदल. लॅटिनमध्ये ‘किकेर’ म्हणजे हरभरा. तेव्हा मार्कस टुलियस सिसेरो म्हणजे मार्कसराव हरभरे. (त्या काळचा उच्चारही ‘किकेरो’च.) गडी हटला नाही. हेच नाव स्कौरस आणि कातुलस या बड्या घराण्यांपेक्षा मोठं करून दाखवतो, म्हणाला. आता ‘स्कौरस’ म्हणजे सुजल्या घोट्यांचा आणि ‘कातुलस’ म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. सामना तसा बरोबरीचाच होता!

घराण्यात हा हरभरा आला कुठून? चरित्रकार प्लुटार्क म्हणतो, कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. रोमन लेखक थोरल्या प्लिनीला नाकात रस नाही. त्याच्या मते ही मंडळी हरभरा उत्तम पिकवत, जसे लेंटुलस घराण्यातले मसूर. व्याकरणाची साक्ष काढली, तर मात्र नाकाचं पारडं जड होतं. शेवटी ‘ओ’ लावून व्यंगावर बोट ठेवणं ही रोमनांची जुनी खोड. कवी ओव्हिडचं कुलनाम ‘नासो’, म्हणजे नाकाड्या. ‘कापितो’ मोठ्या डोक्याचा, ‘लाबेओ’ जाड ओठांचा. आपण गल्लीत कुणाला ‘ढेरपोट्या’ म्हणून मोकळे होतो. रोमन ते नातवंडा-पतवंडांच्या गळ्यात बांधत.

या ‘ओ’च्या पोटात एक ‘न’ दडलेला असतो. प्रथमेला सिसेरो, द्वितीयेला सिसेरोनेम. ज्यांनी शाळेत ‘राजा, राजानम्’ घोकलंय, त्यांना हा लपंडाव ओळखीचा वाटेल. भाषांचं कूळच एक आहे. इटालियनमध्ये तर तो ‘न’ उघड्यावरच आला: ‘चिचेरोने’ म्हणजे पर्यटकांना अखंड माहिती सांगणारा वाटाड्या.

सिसेरोच्या मुलीच्या वाट्याला मात्र हरभरा आला नाही. बापाच्या ‘टुलियस’चं स्त्रीलिंग केलं, ‘टुलिया’, झालं बारसं.

सिसेरो स्वतःलाच हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात पटाईत. इ. स. पू. 63मध्ये तो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झाला आणि त्या कारकिर्दीवर त्याने स्वतःच काव्य रचलं. पण नावाची थट्टा त्याला सोसत असे. इ. स. पू. 75मध्ये सिसिलीत अधिकारी असताना त्याने देवाला चांदीचं पात्र वाहिलं. त्यावर ‘मार्कस टुलियस’ अक्षरांत लिहवून घेतलं आणि तिसऱ्या नावाच्या जागी कारागिराला हरभराच कोरायला सांगितला. कोरलेल्या हरभऱ्याला विभक्तीही लागत नाही.